उपचार फोनपासून सुरू होतो

प्रस्तावना

दातांच्या दवाखान्यात पैसा कशावर खर्च होतो असे विचारले, तर खुर्ची, एक्स-रे यंत्र, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह यांची नावे पुढे येतात. रुग्णाची दवाखान्याशी पहिली गाठ मात्र यांपैकी कशाशीही पडत नाही. ती पडते काउंटरवरच्या फोनशी आणि तो उचलणाऱ्या माणसाशी. त्या माणसाला कोणी काही शिकवलेले नसते, त्याच्यापुढे लिहिलेला कागद नसतो, आणि बहुतेक ठिकाणी फोन हे त्याचे मुख्य कामही नसते. हातातले काम टाकून तो फोन घेतो, ‘या संध्याकाळी’ म्हणतो आणि ठेवून देतो. पुढच्या पानांत जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या दातांच्या दवाखान्यांचा फोन, काउंटर आणि वेळेची आखणी यांचा विचार केला आहे. त्यामागचे म्हणणे एकच आहे: फोनवरचे बोलणे हा उपचाराचाच भाग आहे. म्हणून ते दवाखान्याच्या इतर कामांइतक्याच शिस्तीने शिकवले, लिहिले आणि तपासले गेले पाहिजे.

हे म्हणणे कुठल्याही शहराला लागू पडेल; खानदेशात त्याला जास्त धार येते, कारण इथे रुग्ण आणि खुर्ची यांच्यामध्ये अंतर आहे. 2011च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 42 लाखांच्या वर आणि धुळे जिल्ह्याची 20 लाखांच्या वर होती, आणि दोन्हीकडे दहांतले सात जण ग्रामीण भागात राहत होते. जळगावात पंधरा तालुके, धुळ्यात चार. गावोगावी आता दातांचे डॉक्टर बसतात हे खरे, पण अवघड दाढ, जबड्याचे दुखणे, तारा किंवा इम्प्लांट यांसाठी लोक अजून जिल्ह्याच्या गावाची वाट धरतात. साक्री किंवा शिरपूरहून धुळे पन्नासेक किलोमीटर पडते. चोपडा, रावेर, चाळीसगावकडच्या माणसाला जळगावला जाऊन यायचे म्हणजे एसटी किंवा रेल्वेने निम्मा दिवस जातो. कापूस वेचणीच्या किंवा केळीच्या कापणीच्या दिवसांत त्या दिवसाची मजुरी बुडते. बाईमाणूस असेल तर सोबत कोणी तरी येते, म्हणजे दोन मजुऱ्या. असा माणूस दवाखान्यात पोहोचतो आणि ‘डॉक्टर आज नाहीत’, ‘तुमची कॅप लॅबमधून आलेली नाही’, ‘यासाठी आधी रक्त तपासावे लागेल’ हे तिथे उभा राहून ऐकतो. यांतले प्रत्येक वाक्य आदल्या दिवशी फोनवर सांगता आले असते. ते सांगितले गेले नाही याची किंमत दवाखान्याच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. ती रुग्णाच्या खिशातून जाते.

फोनवरच्या बोलण्याला उपचार म्हणावे का, अशी शंका ज्यांना येते त्यांनी एकच प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. शाळेच्या मैदानावर मुलगा पडतो आणि त्याचा पुढचा पक्का दात मुळासकट बाहेर येतो. असा दात कोरडा राहिला तर त्याच्या मुळावरच्या पेशी तासाभरात मरतात, आणि मग तो परत बसवला तरी फार काळ टिकेल याचा भरवसा राहत नाही. साक्रीहून धुळ्याला यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे दात वाचणार की नाही हे खुर्चीवर ठरत नाही, गाडी निघण्याआधी फोनवर ठरते. फोन घेणाऱ्याला एवढेच सांगता आले पाहिजे: दात चावायच्या बाजूने धरा, मुळाला हात लावू नका; माती लागली असेल तर दुधाने हलकेच विसळा, घासू नका; मुलगा शुद्धीवर असेल आणि जमत असेल तर दात त्याच जागी बसवून रुमालावर चावायला सांगा, नाही तर थंड दुधाच्या पेल्यात टाकून तसाच घेऊन निघा; दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवू नका. हे सांगायला एक मिनिट लागते. दुधात ठेवलेल्या दाताला काही तासांची मुदत मिळते. ते एक मिनिट मिळाले नाही, तर लोक दात कागदात गुंडाळून खिशात घालून आणतात, आणि पुढे कितीही कुशल हात असला तरी त्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

इतके नाट्य रोज घडत नाही, पण फोनवर ठरणाऱ्या गोष्टी रोज येतात. ‘मनी दाढ भलती दुखी राहिनी, डॉक्टर शेतस का?’ असे एखादी बाई विचारते, तेव्हा उत्तरात ‘हो, या’ म्हणणे सोपे असते. पुढचे काही प्रश्न विचारले तर चित्र पालटते. सूज आहे का, आणि ती जबड्याखाली उतरली आहे का? तोंड पुरते उघडते का, गिळता येते का, ताप आहे का? गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जात असेल, तर संध्याकाळच्या नंबराची वाट पाहायची वेळ नव्हे. दाताचा पू मानेत उतरला तर जीव धोक्यात येतो, आणि अशा माणसाला थेट मोठ्या रुग्णालयाकडे वळवावे लागते: धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे, जळगावात तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे, गरज पडल्यास 108ची गाडी बोलावून. साखर आहे का? असेल तर जेवून, रोजची गोळी घेऊन या, उपाशी येऊ नका. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? ती परस्पर बंद करू नका, डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्यांचे पाकीट सोबत आणा. तोंडातला छाला किती दिवसांचा आहे? हा शेवटचा प्रश्न आपल्या भागात सर्वांत मोलाचा आहे. 2016–17च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरताना आढळले, म्हणजे जवळपास चौघांत एक. गुटख्यावर 2012पासून राज्यात बंदी आहे, तरी तंबाखू-चुना आणि मशेरी घरोघरी आहेत. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला छाला, पांढरा किंवा लाल चट्टा, हळूहळू कमी उघडू लागलेले तोंड यांपैकी काहीही फोनवर ऐकू आले, तर त्या माणसाला त्याच आठवड्यात तपासले पाहिजे. असा छाला सहसा दुखत नाही, म्हणून रुग्ण घाई करत नाही. त्याच्या वतीने घाई करणे हे फोन घेणाऱ्याचे काम आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. काउंटरवरची मुलगी डॉक्टर नाही. तिने फोनवर सल्ला दिला आणि तो चुकला तर जबाबदारी कोणाची? उत्तर असे की तिने निदान करायचे नाही, औषधाचे नाव घ्यायचे नाही, ‘काही नाही, बरे होईल’ असा धीरही द्यायचा नाही. तिने ठरलेले प्रश्न विचारायचे आणि उत्तरावरून तीनांपैकी एक वाट निवडायची: आत्ता, एक-दोन दिवसांत, किंवा सोयीने. कोणत्या उत्तराला कोणती वाट, हे डॉक्टरांनी स्वतः लिहून, खाली सही करून काउंटरवर लावायचे. शंका आली की वरची वाट धरायची आणि डॉक्टरांना विचारायचे. खरा धोका आजच्या पद्धतीत आहे. आजही तीच मुलगी रोज ठरवते की कोणाला आज बोलवायचे आणि कोणाला सोमवारी; फक्त ते ती अंदाजाने ठरवते आणि त्याची नोंद राहत नाही. कागद तिच्या हातात दिला की निर्णय डॉक्टरांचा होतो आणि जबाबदारीही तिच्यावरून उतरून योग्य जागी जाते.

आता फोन उचललाच जात नाही त्याबद्दल. याचा दोष सहसा माणसाच्या आळसावर टाकला जातो, पण मूळ कारण गणितात आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे ए. के. एर्लांग यांनी 1917 साली एक सूत्र मांडले. फोन एकसारख्या अंतराने येत नाहीत, ते झुंडीने येतात. मग अमुक इतक्या वाहिन्या असतील तर किती जणांना ‘लाइन बिझी’ ऐकावे लागेल, हे त्यातून काढता येते. तासाला तीन-तीन मिनिटांचे दहा फोन येतात असे धरा. एकूण बोलणे अर्ध्या तासाचे, म्हणजे फोन घेणारा अर्धा वेळ मोकळा आहे असे वाटते. सूत्र सांगते की उचलणारा एकच असेल, तर तरीही तिघांतला एक परत जातो. उचलणारे दोघे असतील, तर हेच प्रमाण तेरांत एकावर येते. शिवाय आपल्याकडे तोच माणूस केसपेपर काढतो, पैसे घेतो, आणि कित्येकदा आत जाऊन सक्शनही धरतो. हातमोजे घातलेल्या हाताने त्याने फोन उचलला, तर एका रुग्णाच्या तोंडातले रक्त-लाळ फोनवर आणि फोनवरची घाण पुढच्या रुग्णाच्या तोंडात जायची वाट मोकळी होते. नाही उचलला, तर फोन गेला. दोन्ही वाटा वाईट, आणि त्या माणसाला बोलून यांतली एकही सुधारत नाही. म्हणून गर्दीच्या तासांत, विशेषतः दवाखाना उघडल्यानंतरच्या पहिल्या तासात, आत मदत करणाऱ्याकडे फोन असूच नये. त्या वेळेत सुटलेल्या प्रत्येक नंबरावर ठरलेल्या वेळी परत फोन गेलाच पाहिजे. मिस्ड कॉल म्हणजे दारात येऊन उभा राहिलेला रुग्ण, अशी त्याची गणना व्हावी.

फोनवर काय कबूल करायचे हे वेळेच्या आखणीवर अवलंबून असते, आणि तिथे आपली रूढ ‘नंबर’ पद्धत अपुरी पडते. सर्दी-तापाच्या दवाखान्यात नंबर चालतो, कारण प्रत्येकाला साधारण सारखाच वेळ लागतो. दाताच्या कामात तसे नसते. साधे तपासणे दहा मिनिटांत होते, रूट कॅनालची एक सिटिंग पाऊण ते एक तास खाते, आडवी अक्कलदाढ किती वेळ घेईल हे तिलाच ठाऊक. सातवा नंबर म्हणजे किती वाजता, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून सगळेच सकाळी नऊला येऊन बसतात. त्याऐवजी खुर्चीची मिनिटे वाटली पाहिजेत, आणि कामाला किती मिनिटे लागतील हे डॉक्टरांनी केसपेपरवरच लिहून द्यावे. ब्रिटनमध्ये नॉर्मन बेली यांनी 1952 साली रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतल्या रांगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की सुरुवातीला दोन रुग्ण बोलवावेत आणि पुढचे सरासरी वेळेच्या अंतराने. म्हणजे डॉक्टर रिकामे बसत नाहीत आणि रुग्णही तास-तास खोळंबत नाहीत. खानदेशात याला दोन गोष्टींची जोड द्यावी लागेल. लांबून येणाऱ्याला त्याच्या एसटीच्या वेळेला जुळणारी वेळ द्यावी आणि परतीची गाडी कधी हे विचारून घ्यावे. आणि सकाळी एक, संध्याकाळी एक अशी जागा मुद्दाम रिकामी ठेवावी, कारण ठणकणारी दाढ वेळ घेऊन येत नाही. वर्षाचे दिवसही पाहावे लागतात. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी चार दिवसांत दातांचे काम उरकून घेऊ पाहतात, लग्नसराईत पुढच्या दातांची घाई असते, आणि मे महिन्याच्या उन्हात दुपारी दोनची वेळ दिली तर वयस्कर माणूस येणार नाही हे लिहून ठेवावे.

दुसरा आक्षेप नेहमीचा: आपले लोक वेळ पाळत नाहीत, त्यामुळे हे सगळे कागदावरच राहणार. हीच माणसे भुसावळला गाडी पकडतात, लिलावाच्या वेळेला माल बाजार समितीत पोहोचवतात. गाडी आपल्यासाठी थांबणार नाही हे त्यांना अनुभवाने माहीत आहे. दवाखान्यात त्यांना उलटा अनुभव आहे: अकराची वेळ दिली तरी एक वाजतो, आणि वेळ न घेता आलेला ओळखीचा माणूस आधी आत जातो. अशा ठिकाणी वेळ न पाळणे हा शहाणपणा आहे. सवय बदलायची तर सुरुवात दवाखान्याकडून व्हावी लागेल. डॉक्टरांनी पहिली वेळ चुकवायची नाही, उशीर होणार असेल तर बाहेर बसलेल्यांना आणि वाटेत असलेल्यांना कळवायचे, आणि वशिल्याने रांग मोडायची नाही. दिलेली वेळ खरी असते हे रुग्णाला कळायला काही महिने लागतील; कळल्यावर तो ती पाळतो.

आठवण करून देणारा फोन हाही उपचाराचाच भाग आहे, आणि याबाबतचा पुरावा चांगला आहे. जगभरातल्या प्रयोगांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या 2013च्या अहवालात दिसले की मोबाइलवर आठवण दिल्याने ठरल्या वेळी येणाऱ्यांचे प्रमाण वाढते, आणि संदेश व फोन यांचा परिणाम साधारण सारखाच असतो. दाताच्या कामात ही आठवण जास्त लागते. रूट कॅनालच्या पहिल्या सिटिंगनंतर ठणका थांबतो, आणि ठणका थांबला की माणूस येणे थांबवतो. वरचे तात्पुरते सिमेंट झिजते, आत पुन्हा जंतू शिरतात, पोकळ झालेली दाढ चावताना फुटते, आणि जी दाढ वाचवायची होती ती काढावी लागते. तेव्हा दुसऱ्या सिटिंगच्या आदल्या दिवशीचा फोन ही सौजन्याची गोष्ट राहत नाही. तो करण्याआधी लॅबकडून काम आले की नाही ते पाहायचे; कॅप आली नसेल तर ‘उद्या येऊ नका, अमुक दिवशी या’ हे सांगायलाही तोच फोन उपयोगी पडतो. नेहमी एकाच नंबरावरून फोन करावा आणि तो नंबर रुग्णाच्या मोबाइलमध्ये पहिल्याच भेटीत सेव्ह करून द्यावा, कारण अनोळखी नंबर आता कोणी उचलत नाही.

यावर तिसरा आक्षेप निघतो: मग सॉफ्टवेअर घ्या, व्हॉट्सॲपवर सगळे आपोआप होईल, माणूस कशाला? ज्यांच्या हातात स्मार्टफोन आहे आणि जे वाचतात त्यांच्यासाठी संदेश जरूर पाठवावा; त्याने फोनचा भार हलका होतो. पण ग्रामीण घरात केसपेपरवर लिहिलेला नंबर अनेकदा मुलाचा असतो, आणि मुलगा पुण्याला किंवा सुरतेला कामाला असतो. आईच्या कवळीचा संदेश तिथे पोहोचतो आणि तिथेच राहतो. म्हणून नंबरापुढे तो कोणाचा आहे आणि घरी कोणत्या वेळी माणूस भेटतो, हे लिहिणे सॉफ्टवेअरपेक्षा आधीचे काम आहे. सातपुड्याच्या पायथ्याला नेटवर्क मिळेलच असे नाही, आणि पावरी, भिलोरी, तडवी बोलणाऱ्या माणसाला छापील मराठीतला संदेश परका वाटू शकतो. त्याच्या बोलीत दोन वाक्ये बोलणारा माणूस काउंटरवर असेल, तर तो खरे काय होते आहे ते सांगतो. सॉफ्टवेअर चांगली पद्धत वेगवान करते. पद्धतच नसेल तर ते गोंधळाला वेग देते.

लहान दवाखान्याचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. एक डॉक्टर, एक मदतनीस, महिन्याचा खर्च कसाबसा निघतो. तिथे फोनसाठी वेगळा पगार कुठून आणायचा? म्हणून पुढच्या पानांतली पहिली पायरी फुकटची ठेवली आहे: एक वही. तिच्यात सात रकाने: वेळ, नाव, गाव, नंबर आणि तो कोणाचा, तक्रार, काय सांगितले, परत फोन केला का. एक ओळ अशी दिसते: ‘10.20, शिंदखेडा, नंबर मुलाचा, खालची दाढ, सूज नाही, साखर आहे, उद्या 11.30, जेवून यायला सांगितले.’ दोन आठवडे अशी वही भरली की दवाखान्याला स्वतःची आकडेवारी मिळते: कोणत्या तासाला फोन सुटतात, किती जण फक्त दर विचारतात, किती जण वेळ घेऊनही येत नाहीत, कोणत्या गावांतून येतात. मग ठरवता येते की दिवसाला तीन तासांसाठी एखादी व्यक्ती पुरे आहे की पूर्णवेळ हवी. दर विचारणाऱ्यांकडेही नीट पाहायला हवे. ‘दाढ काढायचे किती घेतात?’ या प्रश्नाला ‘आल्यावर सांगू’ असे उत्तर मिळाले, तर मजुरी बुडवून येणारा माणूस येत नाही, आणि ते बरोबरच आहे. साध्या कामाला अमुक ते अमुक, तपासणीचे इतके, एक्स-रे वेगळा लागला तर इतका, आणि पक्का आकडा पाहिल्यावर, एवढे प्रामाणिकपणे सांगता येते.

वहीबरोबर एक जबाबदारीही येते. त्या ओळींत माणसांचे आजार आहेत. मदतनीस स्वतःच्या मोबाइलवरून रुग्णांशी बोलत असेल, एक्स-रेचे फोटो त्याच्याच फोनमध्ये साठत असतील, तर तो नोकरी सोडतो तेव्हा ते सगळे त्याच्याबरोबर जाते. दवाखान्याचे स्वतःचे सिम आणि स्वतःचा फोन असावा, आणि तो संध्याकाळी दवाखान्यातच राहावा. 2023च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती सांभाळण्याची जबाबदारी आखून दिलीच आहे. पण कायदा नसता तरी, भरलेल्या बाकासमोर ‘तंबाखू सोडली का?’ असे मोठ्याने विचारणे हा रुग्णाचा अपमान आहे. गावे लहान आहेत, बाकावर शेजारी बसलेला नात्यातला असू शकतो. असे एकदा झाले की माणूस छाला दाखवायला परत येत नाही.

हे लिखाण तीन वाचकांसाठी आहे. ज्यांचा स्वतःचा दवाखाना आहे त्यांनी प्रश्नांचा कागद लिहावा, त्यावर सही करावी आणि दोन आठवडे वही भरून पाहावी. काउंटरवर बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्यांच्या कामाला अजून मान मिळालेला नाही, पण त्यांच्या एका प्रश्नावर एखाद्याचा दात, आणि कधी जीव, अवलंबून असतो. तिसरा वाचक शिकवणारा आहे. धुळ्यात एसीपीएम दंत महाविद्यालय आहे; चार वर्षांच्या अभ्यासानंतर विद्यार्थी एक वर्ष इंटर्नशिप करतात. त्या वर्षातला एक आठवडा काउंटरवर बसून फोन घेण्यात गेला, तर दवाखाना टाकताना त्यांना कळलेले असेल की रुग्ण खुर्चीपर्यंत पोहोचण्याआधी किती गोष्टी बिघडू शकतात. त्यातल्या बहुतेक गोष्टी सावरायला मोठे भांडवल लागत नाही. कोणी तरी फोन उचलायला हवा, नीट विचारायला हवे, लिहून ठेवायला हवे आणि कबूल केलेले पाळायला हवे. एवढे झाले तरी शिंदखेड्याहून निघालेल्या माणसाची मजुरी फुकट जाणार नाही.